नेमबाजीचा सराव : हाताचा, डोळ्याचा आणि मनाचा

आरोग्याच्या पानावर पिस्तुलाचा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पिस्तूल म्हटले की आपल्याला बातमीतला गावठी कट्टा आठवतो, नाहीतर मोबाइलवर फिरणारी भाईगिरीची रील आठवते. या लेखातले पिस्तूल वेगळे आहे. ते दाबलेल्या हवेवर चालते. त्यातून सुटणारा शिशाचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा असतो आणि तो दहा मीटरवरच्या लक्ष्यावर जाऊन थांबतो. ऑलिम्पिकमध्ये ‘10 मीटर एअर पिस्तूल’ म्हणतात तो हा खेळ. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि सरबज्योत सिंगच्या जोडीने दुसरेही मिळवले.

आम्ही दोघे मित्र गेली काही वर्षे रविवारी सकाळी विहारातली वंदना झाली की शहरातल्या नेमबाजी केंद्रावर जातो. आम्ही खेळाडू नाही आणि पदकाचे वयही राहिलेले नाही. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे, एकाला रक्तदाब तर दुसऱ्याला चाळिशीचा चष्मा. तरीही या सरावातून आमच्या शरीराला आणि त्याहून अधिक मनाला जे मिळाले, ते आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते. त्यातले धोकेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत.

आधी शीलाचा प्रश्न

‘पंचशील घेतलेल्या माणसाने हातात पिस्तूल धरावे का?’ असे आम्हाला विहारातच एका ज्येष्ठ उपासकाने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यात शस्त्रांचा व्यापारही येतो. म्हणून आमची भूमिका आम्ही पक्की केली आहे. लक्ष्य कागदाचे, जागा केंद्राची आणि हेतू सरावाचा. एअरगन घेऊन शिवारात पाखरे टिपणे हा खेळ नव्हे. ती हिंसा आहे आणि अनेक पक्ष्यांच्या बाबतीत वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

त्याच अंगुत्तर निकायात ध्यानाविषयी सांगताना धनुर्धराची उपमा आली आहे. धनुर्धर आधी गवताच्या पुतळ्यावर किंवा मातीच्या ढिगावर सराव करतो आणि त्यातून पुढे दूरचा व अचूक नेम साधतो, असा तिचा आशय आहे. म्हणजे नेमाचा सराव आणि चित्ताचा सराव यांचे नाते धम्माला अपरिचित नाही. आम्हाला तरी आनापानाच्या बैठकीत जे कळत नव्हते, ते पिस्तूल धरल्यावर लवकर कळले. मन कुठे गेले हे बैठकीत आपले आपल्यालाच ठाऊक असते. इथे ते लक्ष्यावर उमटते.

एका मिलिमीटरचा हिशेब

एअर पिस्तूल एका हाताने धरायचे असते. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्याला अडकवायचा. पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोल फक्त 11.5 मिलिमीटर व्यासाचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. स्पर्धेत 60 छर्रे सोडायचे असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी 75 मिनिटे मिळतात.

नळीच्या पुढच्या टोकाला एक छोटा उभा खुंट असतो, ती फोरसाइट. मागे खाच असलेली पट्टी असते, ती बॅकसाइट. फोरसाइट खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड एका रेषेत, एवढे साधायचे. यात एका मिलिमीटरची चूक झाली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे तीन सेंटीमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाचा सहा-सात होतो. हात मात्र थोडा हलणारच. निरोगी माणसाच्या हातालाही बारीक कंप असतो, हृदयाचा ठोकाही हाताच्या टोकापर्यंत पोचतो. हा कंप थांबवण्याचा हट्ट धरला की स्नायू आवळले जातात आणि कंप वाढतो. तो आहे असे मान्य करून फोरसाइट सरळ ठेवायची आणि चाप हळूहळू मागे घ्यायचा, एवढेच शिकायचे असते.

श्वासाचेही तसेच. हात वर नेताना श्वास आत, नेमावर उतरताना श्वास बाहेर. श्वास सोडून झाल्यावर पुढचा सुरू होण्याआधी जो नैसर्गिक विसावा असतो, त्यात छर्रा सुटायला हवा. छाती फुगवून, दात आवळून श्वास कोंडायचा नाही. तसे केल्याने रक्तदाब चढतो आणि काही सेकंदांतच नजर धूसर होते. छर्रा सुटल्यावरही दोन-तीन सेकंद त्याच स्थितीत राहायचे. लक्ष्याकडे पाहण्याची घाई करणारा माणूस छर्रा सुटण्याआधीच मनाने पुढे गेलेला असतो.

खाली ठेवलेले पिस्तूल

या खेळातली आरोग्याच्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे पिस्तूल खाली ठेवणे.

नेमावर आल्यापासून साधारण आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही, तर सोडायचा नाही. हात खाली आणायचा, पिस्तूल टेबलावर टेकवायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात हात वर गेलेला असतो, नेम जवळजवळ बसलेला असतो आणि मन म्हणते, ‘आता सोडूनच टाक.’ त्या क्षणी न सोडणे हीच खरी ताकद.

असे ‘सोडूनच टाक’ आपल्या रोजच्या जगण्यात किती वेळा येते! रागात तोंडून जाणारा शब्द, मुलावर उगारलेला हात, उपास मोडल्यासारखी पुन्हा तोंडात गेलेली तंबाखूची चिमूट, रात्री अकराला गटावर पाठवलेला जळजळीत संदेश. प्रत्येक वेळी हात वर गेलेला असतो आणि खाली आणायची सवय नसते. पिस्तूल तासाभरात पंधरा-वीस वेळा खाली ठेवण्याचा सराव देते. सवय अंगात भिनते ती अशीच, पुन्हा पुन्हा करून.

आम्ही दोघे वहीत गुणांबरोबर हेही लिहितो : किती वेळा पिस्तूल खाली ठेवले. गुण वाढले याचा आनंद होतोच, पण योग्य वेळी खाली ठेवता आले याचे समाधान अधिक टिकते.

सोबतीला मित्र कशासाठी?

एकट्यानेही सराव होतो. पण मित्र सोबत असला की सरावाचे रूप बदलते. एकजण नेम धरतो तेव्हा दुसरा मागे दोन-तीन पावलांवर वही घेऊन बसतो. त्याला लक्ष्य पाहायचे नसते, माणूस पाहायचा असतो. खांदा वर चढला का, पापणी मिटली का, श्वास कोंडला का, चाप ओढला की हिसकला, हे त्याने टिपायचे. नेम धरणाऱ्याला हे स्वतःचे स्वतःला दिसत नाही.

दुसरा उपयोग खरेपणाचा. छर्रा सुटल्यावर पडद्याकडे न पाहता नेमबाजाने आधी सांगायचे, ‘डावीकडे खाली, आठ असेल.’ मग मित्राने पाहून सांगायचे. आपण काय केले याची आपल्याला खरी जाण होती की नाही, हे त्यातून कळते. तिसरा प्रकार प्रशिक्षकाच्या परवानगीने करतात. मित्र कधी छर्रा भरून तर कधी न भरता पिस्तूल टेबलावर ठेवतो, नळी अर्थातच लक्ष्याकडे. आत छर्रा आहे की नाही हे नेमबाजाला ठाऊक नसते. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना हात दचकला तर दोघांनाही दिसतो आणि दोघेही हसतात.

एका रविवारी आमच्यापैकी एकजण घरचे भांडण डोक्यात घेऊन आला. बोलला काही नाही. पहिल्या अर्ध्या तासात त्याने चौदा वेळा पिस्तूल खाली ठेवले आणि फक्त सहा छर्रे सोडले. वहीतले आकडे पाहून दुसरा म्हणाला, ‘आज राहू दे. चल, चहा घेऊ.’ टपरीवर तासभर बोलणे झाले. मुलाचे शिक्षण, डोक्यावरचे कर्ज, तीन आठवड्यांची मोडलेली झोप. एरवी ‘कसा आहेस?’ असे विचारले असते तर ‘मजेत’ असेच उत्तर आले असते. आपल्या समाजातले पुरुष दुखणे अंगावर काढतात आणि मनाचे दुखणे तर सांगतच नाहीत. धम्मात कल्याणमित्राला इतके महत्त्व का, हे आम्हाला त्या दिवशी नीट उमगले.

शरीराला काय होते?

साठ छर्ऱ्यांच्या सरावात चाचणीचे छर्रे आणि खाली ठेवलेले प्रयत्न धरले तर एक किलोचा भार शंभराच्या आसपास वेळा खांद्यापर्यंत उचलला जातो. दीड तास उभे राहावे लागते. खांदा, मनगट, पाठ आणि पोटऱ्यांचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो. मात्र हा व्यायाम एकाच हाताचा आहे. दुसऱ्या हाताने तेवढाच भार उचलला नाही, तर खांदा आणि कंबर एका बाजूने ओढली जाते. नेमबाजीने दम वाढत नाही, वजनही उतरत नाही, म्हणून रोजचे अर्धा तास चालणे सोडू नये.

घरी पिस्तुलाशिवायही तयारी होते. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली साधारण पिस्तुलाच्या वजनाची असते. ती सरळ हाताने खांद्याच्या उंचीवर आणावी, आठ सेकंद श्वास न कोंडता धरावी, खाली आणावी आणि अर्धा मिनिट विसावा घ्यावा. असे दहा वेळा, दोन्ही हातांनी. खांदा दुखू लागला तर थांबावे. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर भार धरून ठेवण्याचा कोणताही व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा.

चाळिशीनंतरचे डोळे

नेमबाजीत नजर लक्ष्यावर ठेवायची नसते, फोरसाइटवर ठेवायची असते. फोरसाइट स्वच्छ दिसायला हवी, लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. अडचण इथेच येते. फोरसाइट असते हाताच्या अंतरावर. वाचनाचा चष्मा त्यापेक्षा जवळचा आणि लांबचा चष्मा त्यापेक्षा दूरचा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत नेमका भाग सापडेपर्यंत मान वाकडी होते आणि दुखू लागते. उपाय सोपा आहे. हात सरळ करून डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचे अंतर मोजावे, ते नेत्रतज्ज्ञाला सांगावे आणि त्या अंतराची एकच नंबराची काच करून घ्यावी. दुसरा डोळा मिटून धरू नये, चेहऱ्याचे स्नायू थकतात. त्यावर अपारदर्शक पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. चष्मा नसला तरी सुरक्षा चष्मा हवाच.

वयाची लाज वाटणाऱ्यांनी तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचला आठवावे. पॅरिसमध्ये साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून त्याने मिश्र जोडीत रौप्यपदक घेतले, तेव्हा तो 51 वर्षांचा होता. अपंग बांधवांसाठीही हा खेळ खुला आहे. मनीष नरवालने पॅरालिम्पिकमध्ये पिस्तूल प्रकारात सुवर्ण आणि रौप्य अशी दोन्ही पदके मिळवली आहेत.

शिसे, आवाज आणि औषधे

छर्रा शिशाचा असतो. शिसे बोटांना लागते आणि बोटांवरून पोटात जाते. आपल्याकडे सर्वात मोठा धोका तंबाखूचा. छर्रे हाताळलेल्या हातानेच तळव्यावर तंबाखू मळली जाते आणि ओठाखाली जाते. म्हणजे एका विषात दुसरे. केंद्रावर काही खाऊ नये, पाण्याशिवाय काही पिऊ नये, छर्रा तोंडात धरू नये. निघताना हात आणि तोंड साबणाने धुवावे, मगच डबा उघडावा. लहान मुले आणि गरोदर महिलांना शिशाचा धोका सर्वाधिक. गरोदर भगिनींनी या काळात शिशाचे छर्रे हाताळू नयेत. लक्ष्यामागची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

एअर पिस्तुलाचा आवाज बेताचा असतो. पण शेजारच्या रेंजवर .22 चे पिस्तूल चालत असेल तर कान झाकल्याशिवाय उभे राहू नये. बंदुकीचा बार क्षणाचा असला तरी कानाच्या आतल्या पेशींना कायमची इजा करू शकतो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

हात स्थिर व्हावा म्हणून काहीजण बीटा-ब्लॉकर गोळ्यांचा सल्ला देतात. प्रोप्रॅनोलॉल ही त्यातली एक. नेमबाजीत या गोळ्यांवर बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली. दम्याच्या रुग्णाला अशी गोळी घातक ठरू शकते. याउलट ज्यांना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ती दिली आहे, त्यांनी खेळासाठी ती स्वतःहून बंद करू नये. सरावाच्या सकाळी चहा-कॉफी मात्र बेताची घ्यावी, तिने हाताचा कंप वाढतो.

कोणी थांबावे?

दारू घेतलेल्या माणसाने केंद्राच्या दारातही येऊ नये. तीव्र नैराश्य असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोणत्याही शस्त्रापासून दूर राहावे, ते खेळाचे असले तरी. तेव्हा गरज असते ती माणसांची आणि उपचारांची. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो मोफत आहे. सोबत्यामध्ये असा बदल दिसला तर दुसऱ्याने संकोच न करता विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे घेऊन जावे.

आपली मुले आणि हा खेळ

गुरूने अंगठा मागितल्याची एकलव्याची कथा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. आज नेमबाजी केंद्रावर कोणी जात विचारून अंगठा मागत नाही, पण खर्च दारातच अडवतो. ऑलिम्पिक दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. म्हणून नवख्याने विकत घेण्याची घाई करू नये. बहुतेक केंद्रांवर सरावासाठी पिस्तूल मिळते. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात एनसीसीत असेल तर तिथेही नेमबाजीची ओळख होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य मिळवले. महाराष्ट्राच्या मातीत हा खेळ रुजलेला आहे, तो आपल्या वस्तीपर्यंत आणायचा आहे.

आमची एक सूचना आहे. 14 एप्रिलच्या जयंतीत डीजेवर जो पैसा जातो आणि कानांचे जे नुकसान होते, त्यातला थोडा भाग वाचवून विहार समितीने वस्तीतल्या आठ-दहा मुला-मुलींना महिन्यातून एकदा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केंद्रावर न्यावे. कट्ट्यासोबत फोटो काढणाऱ्या पोराला विनापरवाना शस्त्र बाळगणे हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हे सांगायलाच हवे. पण नुसते ‘नको’ म्हणून पोरे ऐकत नाहीत. खरे पिस्तूल हातात धरून ते खाली ठेवायला शिकलेला मुलगा रीलमधल्या भाईला हसेल, असे आम्हाला वाटते.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

- मान्यताप्राप्त केंद्र आणि प्रशिक्षक असेल तरच सुरुवात करावी. ओळखपत्र, वय आणि परवान्याचे नियम तिथेच विचारावेत.
- प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. नळी कायम लक्ष्याकडे ठेवावी आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे.
- ‘स्टॉप’ ऐकताच थांबावे, मग दहाचा नेम बसलेला असला तरी.
- पहिला महिना गुण मोजू नयेत. उभे राहणे, श्वास आणि चाप यांकडेच लक्ष द्यावे.
- सोबत एक मित्र किंवा मैत्रीण न्यावी आणि एक वही न्यावी. वहीत खाली ठेवलेल्या प्रयत्नांसाठी वेगळा रकाना आखावा.

जय भीम, नमो बुद्धाय.